पाठीवरची पाटी

स्पीकरला जुळणारा ॲम्प्लिफायर निवडताना स्पीकरच्या पाठीवरची पाटी मी खालून वर वाचतो. सगळ्यात वर ठळक अक्षरांत १६०० वॅट असतात. त्याखाली जरा लाजत 'प्रोग्राम ८००'. आणि पार तळाशी, डोळे बारीक केल्यावर दिसतं, 'कंटिन्युअस ४००', म्हणजे स्पीकर सलग सोसेल तेवढे वॅट. एकाच माणसाची तीन वयं असावीत तसं: लोकांना सांगायचं, कागदावरचं आणि गुडघ्यांना माहीत असलेलं.

ॲम्प्लिफायरची पाटीही काही साधीभोळी नसते. तिच्यावरचे २००० वॅट बहुतेक वेळा दोन्ही चॅनलची बेरीज असतात, तीही ४ ओहमला (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो त्या अडथळ्याचं माप). एका चॅनलचे १००० धरा, आणि ८ ओहमचा स्पीकर लावलात तर साधारण ६००.

माझा हिशेब सोपा आहे. स्पीकर जितक्या ओहमचा, तितक्याच ओहमला ॲम्पने कंटिन्युअसच्या दीडपट ते दुप्पट वॅट द्यावेत. म्हणजे वरच्या स्पीकरला दर चॅनल ६०० ते ८००. हे सांगितलं की समोरचा दचकतो. "एवढा मोठा? स्पीकर उडेल की!" आणि काळजीपोटी २०० वॅटचा ॲम्प आणतो.

मग कार्यक्रम रंगतो, गर्दी वाढते, फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची पट्टी, वर सरकतो. ॲम्पचा लाल क्लिप दिवा आधी लुकलुकतो, पुढे कायमचा पेटून राहतो. "लाइट लागलाय म्हणजे पॉवर मिळतेय ना?" असंही विचारलं जातं. मिळतेय ना, नको तिथे मिळतेय. ॲम्पकडचे व्होल्ट संपलेत, म्हणून लहरीची डोकी सपाट छाटली जातायत. पूर्ण चौकोनी झालेल्या लहरीत तेवढ्याच उंचीच्या साइन (गोलसर) लहरीच्या दुप्पट पॉवर असते. त्यात गाण्यातले चढउतार चेपले जातात, सरासरी फुगते आणि जाड-बारीक सूर वेगळे करणारा क्रॉसओव्हर त्यातला बराच वाटा वर, बारीक सुरांच्या हॉर्नच्या ड्रायव्हरकडे पाठवतो. जाड सुरांचा वूफर ठणठणीत राहतो. जळते ती वरच्या ड्रायव्हरची केसासारखी बारीक कॉइल. आणि दोष मिळतो स्पीकरच्या कंपनीला.

मोठा ॲम्प निष्पाप आहे असं मात्र मी म्हणत नाही. ८०० वॅट हाताशी आहेत म्हणून रात्रभर ठोकत राहिलात तर तोही स्पीकर जाळेल. म्हणून सिग्नलला ठरावीक मर्यादेवर अडवणारा लिमिटर लावायचा. ॲम्पचा नॉब अर्ध्यावर ठेवणं हा लिमिटर नव्हे. तो फक्त आत येणारा सिग्नल कमी करतो. मिक्सरवरून जोर लावला की ॲम्प अर्ध्या नॉबवरही पूर्ण ताकदीने बोंबलतो.

ओहमचं गणित पचायला त्याहून जड. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ होतात, तिसरा जोडला की २.६७, चौथ्याला २. पाहुणे वाढले की ओहम घटतात आणि ॲम्पवरचा ताण वाढतो, हे मनाला पटत नाही. ॲम्पवर 'किमान ४ ओहम' लिहिलेलं असताना कोणीतरी हमखास तिसरा स्पीकर मागून जोडतो आणि ॲम्प स्वतःला वाचवायला प्रोटेक्टमध्ये जाऊन मौन धरतो. ब्रिजमध्ये, म्हणजे दोन्ही चॅनल मिळून एकच लोड चालवताना, तर प्रत्येक चॅनलला निम्मेच ओहम दिसतात, म्हणून किमान ४ चा ॲम्प ब्रिज केल्यावर ८ च्या खाली जायचं नाही. मीटर लावून "हा तर ६ ओहमच दाखवतोय, डुप्लिकेट आहे" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की पाटीवरचे ८ हे गाण्याच्या बदलत्या सिग्नलचे, मीटर मात्र डीसी (स्थिर विजेचा) रेझिस्टन्स मोजतो, आणि ८ ओहमच्या स्पीकरचा तो ६ च्या आसपासच असतो.

सगळं जुळलं की वायरीचा नंबर लागतो. २० मीटर लांब, १ चौरस मिलिमीटरची वायर म्हणजे जाऊन-येऊन ४० मीटर तांबं, सुमारे ०.७ ओहम. ४ ओहमच्या लोडवर स्पीकरला मिळणारी पॉवर २८ टक्क्यांनी घटते. २.५ ची घेतली तर १३ टक्क्यांवर भागतं. गिटारची केबल स्पीकरला लावणाऱ्यांशी मी बोलत नाही. जॅक सारखाच दिसतो हे मान्य, पण आतली तार दोऱ्याएवढी असते.

एवढं करूनही आवाज कमी पडला, तर लगेच दुप्पट वॅटचा ॲम्प मागवू नका. दुप्पट वॅटने जेमतेम ३ डेसिबल वाढतात. त्यापेक्षा ९७ ऐवजी १०० डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (तेवढ्याच वॅटमध्ये जास्त आवाज देणारा) स्पीकर घ्या, तेवढंच काम निम्म्या वॅटमध्ये होतं. ती सेन्सिटिव्हिटीही पाटीवर असते, पार तळाशी, ४०० च्या शेजारी.

कार्यक्रम संपला की आधी ॲम्प बंद करायचा, मग मिक्सर. हे मी तीनदा सांगतो. तेवढ्यात कोणीतरी आधी मिक्सरचीच पिन उपटतो. आणि चालू ॲम्पवरच्या स्पीकरमधून धप्प!