वालेटाला उजाडताच डेकवर जा

लेखात माल्टाच्या वालेटा बंदरात उतरल्यावर काय पाहायचं ते छान दिलंय, पण जहाज आत शिरतानाची वेळ राहूनच गेली. खरं सुख तिथेच आहे! उजवीकडे सेंट एल्मो, डावीकडे सेंट अँजेलो किल्ला. मधाच्या रंगाच्या तटबंद्या इतक्या जवळ येतात की दगडांच्या फटीतली झुडपंसुद्धा दिसतात. सासूबाईंना तर जंजिराच आठवला.

धक्क्यावर टॅक्सीवाल्यांचा गराडा पडतो, घाबरू नका. चालत बराक्का लिफ्ट गाठा. ५८ मीटर वर थेट अप्पर बराक्का बागेपाशी सोडते. गुडघे दुखणाऱ्यांना मोठाच आधार. दुपारी १२ला तिथे तोफ उडते, ती चुकवू नका. आणि वेळ उरला तर बंदरापलीकडच्या बिर्गू या जुन्या गावाला होडीनेच जा.