तेलंग, आमचे काका आणि माळ्यावरचं पोतं

आज कुडाळात काकांचं भाषण ऐकलं आणि डोकं फिरलं. विषय काय, तर मुलींचं शिक्षण! काका जुने वकील. म्हणाले, "न्यायमूर्ती तेलंगांचा आदर्श ठेवा." टाळ्या. पुढच्या रांगेत बसलेल्या ताईनेही वाजवल्या.

ताई म्हणजे त्यांचीच मुलगी. एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला होती, चांगलं स्थळ आलं आणि कॉलेज सुटलं. तिची पुस्तकं पोत्यात भरून माळ्यावर गेली. काका ओट्यावर बसून एवढंच म्हणाले, "लोक काय म्हणतले?"

काशिनाथ त्र्यंबक तेलंग मोठेच होते, वाद नाही. गीतेचा इंग्रजी अनुवाद केला, १८८५ ला काँग्रेसच्या स्थापनेत होते, १८८९ ला चाळिशीच्या आत मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. रखमाबाईचा खटला आठवतोय ना? अकराव्या वर्षी लग्न झालेली, मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जात नाही म्हणाली. सगळे सनातनी तिच्यावर तुटून पडलेले असताना तिच्या वकिलांत तेलंग होते. आणि याच माणसाने १८९३ मध्ये स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलीचं लग्न लावून दिलं. आठ! काकांनी भाषणात हे बरोब्बर गाळलं.

घरच्यांचा दबाव असेल, मान्य. रानड्यांनीही पहिली पत्नी गेल्यावर वडिलांच्या शब्दाखातर अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलंच की. पण मग दुसऱ्याच्या मुलीसाठी कोर्टात शब्द कसे सुचतात हो? ज्या सुधारणेला विरोध कमी, ती आधी करावी, असं तेलंगांनी १८८६ च्या व्याख्यानात मांडलं होतं. विरोध सगळ्यात जास्त कुठे, तर स्वतःच्या माजघरात. तिथे पोचेपर्यंत मुलगी बोहल्यावर.

एवढं तावातावाने टाईप केलं आणि ते पोतं पुन्हा आठवलं. शिडीवर काका होते. खालून पोत्याला हात मी दिला होता. तेव्हा मी बावीस वर्षांची, बोलता येत होतं मला. नाही बोलले.

तेलंग मुलीच्या लग्नाच्याच वर्षी, सप्टेंबरात गेले, त्रेचाळीसाव्या वर्षी. ते लग्न त्यांना किती टोचलं असेल, कोण जाणे. हे काही मी त्यांना माफ करायला लिहीत नाहीये. मुलीला कुणी विचारलं होतं?

मघाशी ताईला फोन केला. म्हटलं, तुला तेलंगांची एक गोष्ट सांगते. तर म्हणाली, "माका ठावक हा. कॉलेजात असताना वाचलेलंय."

"मगे टाळ्या कित्याक वाजवलंस?"

"त्या झटक्यापासून बाबांची जीभ अडाकता. आज एकदाय अडाकली नाय."