‘आधी कापड फाडा’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

पुष्पक नावाच्या जुन्या, दोन आसनी छोट्या विमानाचं इंजिन सुरू केल्याचा लेख टाकला, त्यावर एका वाचकांची प्रतिक्रिया आली. ती अशी: “इंजिन सुरू झालं म्हणजे विमान झालं असं नसतं. वीस वर्षं पडून असलेल्या विमानाचं आधी पंखावरचं कापड फाडून आतले लाकडी स्पार (पंख तोलणारे लांब दांडे) बघतात, हे शाळकरी पोरालाही कळतं. खर्चाचा हिशेब नाही, डीजीसीएच्या (सरकारी विमान खात्याच्या) परवानगीचं नावही नाही. आणि इंजिन 95 अश्वशक्तीचं नाही, 90 चं आहे.”

शेवटापासून सुरू करतो, कारण तिथं तुमचं बरोबर आहे. कॉन्टिनेन्टल सी-90, म्हणजे 90 च. दुरुस्त केलं, आभार.

आता ते शाळकरी पोर. भाऊ, “स्पार बघितले का?” एवढंच विचारलं असतं तर मी सरळ उत्तर दिलं असतं. माझं वय 61. माझे आजोबा 1949 मध्ये सोनेगावला, नागपूरच्या विमानतळावर, टपालाच्या गोण्या उचलायचे. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची टपाल विमानं तेव्हा मध्यरात्री नागपुरात एकत्र यायची, गोण्यांची अदलाबदल झाली की आपापल्या वाटेनं परत. बाबा फिटर. आठवीच्या सुट्टीत मी त्यांच्यासोबत शेडमध्ये जायचो, घरी आलो की आई म्हणायची, पोराच्या अंगाला डोपचा, म्हणजे विमानाच्या कापडाला लावायच्या रोगणाचा, वास येतो. तुम्ही मला विमानाचं कापड शिकवून राहिले, म्हणून हे सांगावं लागतं. नाहीतर मी कधी सांगत नाही.

शिवाय कापड ‘फाडत’ नाहीत. रिबवर, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्यांवर, मेण लावलेल्या दोऱ्याचे टाके असतात, ते एकेक कापून कापड सोडवतात. ज्यानं हे काम केलंय तो ‘फाडा’ म्हणणार नाही. पुष्पकचं धड पोलादी नळ्यांचं, पंखात लाकडी स्पार, वरून सगळं कापड. 1958 मध्ये बंगळूरला पहिल्यांदा उडालं तेव्हापासून त्याची बांधणी हीच आहे, मला काही ती काल कळली नाही. नव्या सुती कापडाची ताकद रुंदीच्या इंचाला 80 पौंड, 56 च्या खाली आलं की कापड बाद, हेही पाठ आहे. मी अंगठ्यानं दाबून बघितलं. ढोलकीसारखं वाजतं. वर्षानुवर्षं शेडमध्ये होतं, ऊन लागलेलं नाही, आणि ऊन हाच कापडाचा वैरी.

पावसाळ्यातली ओल म्हणाल, तर तिची काळजी लाकडाला. म्हणून तपासणीच्या भोकांतून बॅटरी आणि दातांच्या डॉक्टरकडचा छोटा आरसा घालून स्पार बघितले. वेग मोजणाऱ्या पिटो नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं, उजव्या पंखात उंदराचं घरटं निघालं, मुतानं एक रिब पांढरी पडली होती. हे सगळं लेखात होतं. वाचलं असतं तर दिसलं असतं. डाव्या पंखात स्ट्रट, म्हणजे धडापासून पंखाला दिलेला तिरका टेकू, जिथं स्पारला येऊन बसतो तिथं तेवढं दिसत नाही, जोडाच्या पट्ट्या आड येतात. आडव्या बारीक भेगा पडतात त्या नेमक्या तिथंच, हे मान्य. पण जे दिसतच नाही ते माणसानं बघायचं कसं?

आणि इंजिन सुरू झालं म्हणजे विमान झालं, असं मी कुठंही लिहिलेलं नाही. ‘आता आभाळ दूर नाही’ एवढंच लिहिलं होतं. या इंजिनाला स्टार्टर नाही, पंखा हातानं फिरवावा लागतो. तिसऱ्या झटक्याला ते धडधडलं तेव्हा मी तिथं होतो, तुम्ही नव्हते. माणसाला आनंद होतो हो.

हिशेब आणि डीजीसीए हे वेगळे विषय आहेत, लिहीन कधीतरी.

येत्या रविवारी डाव्या पंखाचं कापड सोडवतो आहे. हे आधीच ठरलं होतं, तुमच्या प्रतिक्रियेशी त्याचा काही संबंध नाही. एवढं कळतं तर सकाळी आठला शेडवर या. येताना चांगली बॅटरी आणा, माझी मिणमिणते.