दुसरं ऑपरेशन पुढे ढकलू नये

हृदयाची दुरुस्त केलेली झडप पुन्हा गळू लागली तर दुसरं ऑपरेशन 'फार धोक्याचं', एवढंच सांगून झडपेच्या ऑपरेशनवरचा एक लेख थांबतो. धोका वाढतो हे खरंच. हृदय छातीच्या हाडाला आतून चिकटलेलं असू शकतं, म्हणून आधी सीटी स्कॅन करतात. पण उशीर जास्त नडतो. आमच्या फोंड्याच्या मामी 'चवथ (गणेशचतुर्थी) होऊन जाऊ दे' म्हणत दम सोसत बसल्या. हृदयाचा पंपच थकल्यावर गेलात तर सर्जन तरी काय करणार? ऱ्हुमॅटिक तापाने (घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या, हृदयाला इजा करणाऱ्या आजाराने) बिघडलेली झडप दुसऱ्या वेळी बऱ्याचदा बदलावीच लागते. मेकॅनिकल, म्हणजे कृत्रिम यांत्रिक झडप बसवली की रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, वर आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची) तपासणी. मामींना तर तांबड्या भाजीचंही (लाल माठाचंही) प्रमाण सांभाळावं लागतं. त्यातलं व्हिटॅमिन के रक्त गोठायला मदत करतं, म्हणून एकदम कमी-जास्त केलं की आयएनआर हलतो.