किल्ल्यांबद्दल विचारणारी माणसं शोधताना: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सोशल मीडियावर नेमके शब्द टाकून शोध घ्यायचा आणि त्यातून किल्ल्यांच्या पानाला वाचक जोडायचे, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. तुमचं म्हणणं असं: लेखन चांगलं असेल तर लोक येतात; अनोळखी माणसाच्या पोस्टखाली जाऊन बोलणं म्हणजे दारोदार फिरून फॉलोअर मागणं; हे मार्केटिंगवाल्यांचं तंत्र आहे, अभ्यासकाचं नाही; आणि मराठीत असं शोधून काही सापडतही नाही. तुम्ही स्वतः वीरगळांवर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतीसाठी कोरलेल्या दगडांवर, मनापासून लिहिता आणि तरी वाचक मिळत नाहीत, हेही तुम्ही लिहिलंत. म्हणून हे उत्तर जरा लांबवते.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण तिथे तुमचा अनुभव खरा आहे. एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, ‘शिवनेरी’ टाकलं की मुंबई-पुणे बस उशिरा आल्याच्या तक्रारी येतात. ‘सिंहगड’ टाकलं की सिंहगड रस्त्यावरची कोंडी आणि सिंहगड एक्स्प्रेस. ‘हिरकणी’ म्हणजे पुन्हा एसटी, ‘देवगड’ म्हणजे हापूसची पेटी, ‘रायगड’ म्हणजे जिल्ह्यातल्या दिवसभराच्या बातम्या. हे पाहून माणूस कंटाळतो, यात नवल नाही. पण वजाचं चिन्ह लावून नको ते शब्द गाळता येतात. देवगड लिहून पुढे आंबा, हापूस, पेटी हे तीन शब्द वजा करून पाहा, किल्ल्याबद्दल बोलणारी माणसं वर येतात.

त्याहून मोठी अडचण आपल्या भाषेच्या घडणीत आहे. शोधयंत्र अक्षरं जुळवतं, व्याकरण त्याला कळेलच असं नाही. आपण ‘राजगड’ शोधतो आणि लोक ‘राजगडावर’, ‘राजगडला’, ‘राजगडाच्या’ असं लिहितात. ‘किल्ला’ शोधणाऱ्याला ‘किल्ल्यावर’ लिहिणारा भेटत नाही. म्हणून मी मूळ शब्द कधीच एकटा टाकत नाही. तीन-चार रूपं मध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांतलं ‘OR’ घालून एकत्र टाकते. ‘कळसूबाई’बरोबर ‘कळसुबाई’ शोधावंच लागतं, ‘हरिश्चंद्रगड’बरोबर ‘हरीश्चंद्रगड’. शुद्धलेखनाचा आग्रह आपल्या लेखात धरावा, शोधताना तो सोडावा. शिवाय कितीतरी जण रोमन लिपीतच मराठी लिहितात, त्यांच्यासाठी वेगळा शोध.

आणि डोळ्यांना न दिसणारी एक भानगड आहे. ‘पायऱ्या’ या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त जोडतात. काही साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरतात. स्क्रीनवर दोन्ही सारखे दिसतात, आतले संकेतांक वेगळे. ‘ॲ’चंही तसंच: हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या संकेतांकांच्या जागतिक यादीत, २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीपासून अ वर चंद्र चढवून लिहिण्याची सवय असलेले लोक आजही तसंच लिहितात. एका कीबोर्डवर शोधून काही मिळालं नाही म्हणजे लिहिणारा कुणी नाही, असं धरून चालू नका. दुसऱ्याच्या पोस्टमधला तोच शब्द उचलून शोधाच्या चौकटीत चिकटवून पाहा.

आता दारोदार फिरण्याबद्दल. कुणीतरी लिहितं, ‘आईला राजगड दाखवायचाय, जमेल का?’ या माणसाला उत्तर हवंय. पाली दरवाजाची वाट रुंद पायऱ्यांची आहे, तिकडून न्या. गुंजवण्याहून चोर दरवाजाची वाट शेवटी खडी होते, ती टाळा. पद्मावती माचीवर तळ्यापाशी निवांत बसा. बालेकिल्ल्याची चढण आईंना झेपेल का ते तिथे पोचल्यावर ठरवा. एवढं सांगायला मी त्याच्या पोस्टखाली गेले, तर त्यात मागणं कुठे आलं? माझ्या पानाची लिंकसुद्धा मी तिथे देत नाही. त्याला वाटलं तर तो नावावर बोट ठेवतो, पान बघतो, थांबतो किंवा जातो. माझे आज नियमित वाचणारे, चुका दाखवणारे, पावसाळ्यात वाट बंद झाली की कळवणारे बहुतेक लोक असेच आले आहेत.

‘चांगलं लिहिलं की लोक येतात’ हे छापील मासिकाच्या काळात बरंचसं खरं होतं, कारण मासिक वर्गणीदाराच्या घरी जायचं. इथे तुमचा लेख कुणाला दाखवायचा हे यंत्र ठरवतं, आणि नव्या, लहान, मराठी पानाला ते फारसं पुढे करत नाही. तुमचे वीरगळांचे लेख मी वाचले. ते चांगले आहेत, म्हणूनच मला ‘थांबून राहावं’ हा तुमचा सल्ला पटत नाही.

मार्केटिंगवाल्यांनी हे साधन वापरून नासवलं, हे मान्य. पण ते त्यांनी जन्माला घातलेलं नाही. ट्विटरवर हॅशटॅग वापरावा ही सूचना २३ ऑगस्ट २००७ रोजी ख्रिस मेसिना या एका वापरकर्त्यानं केली, एका विषयावर बोलणाऱ्यांचा गट जमावा म्हणून. त्याच वर्षी ऑक्टोबरात सॅन दिएगोच्या वणव्यांच्या वेळी लोकांनी तो एकमेकांना बातमी पोचवायला वापरला. ट्विटरनं समाइझ ही शोधसेवा विकत घेतली ती २००८ च्या जुलैत. एकाच गोष्टीबद्दल बोलणाऱ्या अनोळखी लोकांना एकमेकांचा पत्ता लागावा, एवढीच यामागची गरज होती.

तुम्ही ज्याला विटला आहात ते मलाही सहन होत नाही: शब्द शोधायचा, दिसेल त्याला फॉलो करायचं, त्यानं उलट फॉलो केलं की चार दिवसांनी काढून टाकायचं. हा प्रकार इतका वाढला की ट्विटरनं २०१९ मध्ये दिवसाला फॉलो करण्याची मर्यादा १००० वरून ४०० वर आणली. केवळ शब्द जुळला म्हणून यंत्रानं आपोआप उत्तरं टाकण्यालाही त्यांच्या नियमांत मनाई आहे. मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्याच दुसऱ्या माध्यमानं तर २०२३ मध्ये पोस्टमधल्या शब्दांचा शोध आणला तेव्हा ज्यानं परवानगी दिली त्याचीच पोस्ट सापडेल अशी सोय केली. मला ती फार आवडते.

माझीही एक कुंपणरेषा आहे. गडावर अपघात झाला, कुणाचा मुलगा गेला, की त्या गडाचं नाव शोधात वर येतं. त्या पोस्टखाली मी जात नाही, सुरक्षिततेचे धडे द्यायलाही नाही. इतिहासातली काही नावं अशी आहेत की ती शोधून भांडणात उडी घेतली तर एका रात्रीत गर्दी जमते. ती गर्दी मला नको. गडाची वाट विचारायला त्यांच्यातलं कुणी येत नाही.

उलट ११ जुलै २०२५ चा दिवस आठवा. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, त्यातले ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. ‘जिंजी’ शब्द शोधला की एकच प्रश्न पुनःपुन्हा दिसत होता: हा यात कसा? शिवाजी महाराजांनी तो १६७७ मध्ये घेतला, १६८९ मध्ये राजाराम महाराज तिथे पोचले आणि वेढा सोसत तो किल्ला १६९८ पर्यंत लढला, हे सांगायला त्याहून चांगली वेळ कोणती होती? जाणणाऱ्यांनी गप्प बसायचं ठरवलं असतं तर त्या प्रश्नांना ऐकीव उत्तरं मिळाली असती.

तुमच्या विषयात तर हे काम आणखी गरजेचं आहे. ‘वीरगळ’, ‘विरगळ’, ‘वीरगळी’ हे शोधाच, पण तिथे तुम्हाला आधीच जाणकार असलेले लोक भेटतील. ज्याच्या गावच्या देवळामागे असा दगड पडलाय त्याला हा शब्दच माहीत नसतो. तो लिहितो, ‘गावात जुना दगड आहे, घोडेस्वार कोरलाय, वर चंद्र-सूर्य आहेत’. किंवा सतीच्या दगडाबद्दल विचारतो, ‘दगडावर बांगड्या घातलेला हात आहे, कसला असेल?’ म्हणून ‘कोरलेला दगड’, ‘घोडेस्वार दगड’, ‘चंद्र सूर्य दगड’, ‘शेंदूर लावलेला दगड’, ‘दगडावर हात’ असे शब्द टाका, आणि सोबत ‘काय आहे’ किंवा ‘कुणाला माहीत’ जोडा. इन्स्टाग्रामवर स्वतःच्या फोटोंखालीही हेच साधे शब्द लिहा, आणि परिचयात तालुक्यांची नावं घाला. तिथल्या शोधात मजकुरातले आणि परिचयातले शब्द धरले जातात. कुणी फोटो टाकलेला सापडला तर खालच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा वीराला नेताना आणि वर शिवलिंगाची पूजा कशी वाचायची ते त्याला सांगा, आणि तो दगड रंगवू नका, हलवू नका, हेही सांगा. अशा दोन-तीन पोस्ट मी या आठवड्यात बाजूला काढून ठेवल्या आहेत. उत्तर मी दिलेलं नाही, ते तुमचं क्षेत्र आहे. पत्ता कळवलात तर त्यांचे दुवे पाठवते.