‘कॅश्यू’चा ‘कॅश’शी संबंध नाही

‘रोख पैसा देणारं पीक म्हणून इंग्रजांनी काजूला कॅश्यू म्हटलं’ असा संदेश सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे फिरतोय. तो चूक आहे. झाड मूळचं ब्राझीलचं. तिथल्या तुपी भाषेतल्या ‘अकाजू’चं पोर्तुगिजांनी ‘काजू’ केलं. सोळाव्या शतकात त्यांनीच रोप आपल्या किनाऱ्यावर आणलं. इंग्रजी ‘कॅश्यू’ त्याच मुळातून आला. ‘कॅश’ वेगळा, त्याचा मूळ अर्थ पैशाची पेटी.

घोळ खरा होतो तो पाकिटावर. बोंडू, म्हणजे काजूचं मांसल फळ, ते ‘कॅश्यू ॲपल’. त्याच्या टोकाला बाहेर लोंबते ती टरफलासकट बी ‘रॉ कॅश्यू नट’, आणि सोललेला गर ‘कॅश्यू कर्नल’. गराच्या पाकिटावर ‘रॉ कॅश्यू नट’ छापू नका, घेणारा टरफलाची बी समजेल. पाकिटावरची ‘डब्ल्यू २४०’ ही प्रत म्हणजे पौंडात २२० ते २४० अखंड पांढरे गर.