इंग्रजीतल्या चुका जपायच्या कशा

इंग्रजी सुधारण्याचे सल्ले पायलीचे पन्नास मिळतात. कमावलेल्या चुका टिकवायच्या कशा, हे मात्र कुणी सांगत नाही. इतक्या वर्षांची पुंजी अशी वाऱ्यावर सोडू नका.

सुरुवात 'एस'पासून करा. 'शी गो टू ऑफिस' असं लिहून क्रियापदाचा एस वाचवा आणि तो 'इन्फर्मेशन', 'ॲडव्हाइस', 'फर्निचर' यांच्या शेपटीला लावा. या नामांचं अनेकवचन होत नाही म्हणे. होत नसेल, पण वाचवलेला एस ठेवायचा कुठे? 'वन ऑफ माय फ्रेंड'ला मात्र तो चुकूनही लावू नका. तिथे तो खरोखरच लागतो.

'अ', 'ॲन' आणि 'द' अंदाजपंचे टाकत चला. मराठीत ही भानगडच नाही, तेव्हा आपल्याला सूट असणारच. 'अ' की 'ॲन' हे उच्चारावर ठरतं, स्पेलिंगवर नाही, म्हणून 'ॲन अवर' पण 'अ युनिव्हर्सिटी', असं कुणी समजावू लागलं तर विषय बदला. एकदा का कान वापरायची सवय लागली, की ही चूक हातची गेलीच.

भूतकाळ नेहमी दोनदा सांगा: 'डिड नॉट वेंट'. एकदा सांगून लोकांना पटत नाही. 'रिटर्न बॅक' आणि 'रिपीट अगेन' याच घराण्यातले.

'इट्स'वर अपॉस्ट्रफी द्यायचीच. कुत्र्याचं शेपूट असो की कंपनीचे कर्मचारी, मालकी दाखवायची तर वर टिंब हवंच, नाही का? अपॉस्ट्रफीवालं 'इट्स' म्हणजे 'इट इज', म्हणून वाचणारा 'कंपनी आणि ते आहे कर्मचारी' असं वाचेल, तर वाचू दे. त्याच्याही डोक्याला थोडा व्यायाम.

स्वल्पविरामाचं मात्र तब्येतीत ऐका. अमेरिकेतल्या मेन नावाच्या राज्याच्या कायद्यात काही कामांना ओव्हरटाइम लागू नव्हता. त्या यादीचा शेवट होता 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन', आणि 'ऑर'च्या आधी स्वल्पविराम नव्हता. मग वगळलंय काय? पॅकिंग आणि वितरण अशी दोन कामं, की फक्त पॅकिंग, मग ते पाठवणीसाठी असो की वितरणासाठी? एका डेअरीचे ट्रकचालक म्हणाले, आम्ही माल पोचवतो, पॅकिंग करत नाही, ओव्हरटाइम द्या. 2017 मध्ये अपील न्यायालयाचा कौल त्यांच्या बाजूने लागला आणि पुढच्या वर्षी 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. बोध सरळ आहे: स्वल्पविराम गाळा, कुणाचं तरी भलं होतं. शिवाय तो कायदा लिहिणाऱ्यांना इंग्रजी काही परकी नव्हती, मग आपण कशाला मनाला लावून घ्यायचं?

राहिला स्पेलचेक. त्याच्यावर डोळे मिटून विसंबा. नोकरीच्या अर्जात 'मॅनेजर' लिहिताना मधला 'ए' गळला, तर उरतो तो शब्द चांगला कोशातला आहे. अर्थ: गुरांची गव्हाण. खाली लाल रेघ येत नाही. गेली पाच वर्षं आपण एका नामांकित संस्थेत गव्हाण आहोत, पुढेही मोठी गव्हाण व्हायची इच्छा आहे, असं आत्मविश्वासाने कळवून मोकळे व्हा. 'लूज'मध्ये जादा ओ, 'देअर'ची तीन रूपं, हे सगळं तो असंच सोडून देतो. मनमिळाऊ यंत्र आहे.

एवढं करूनही मजकूर सोपाच दिसत असेल, तर शब्दकोश उघडून 'यूज'चं 'यूटिलाइझ' आणि 'स्टार्ट'चं 'कमेन्स' करा. व्याकरणाची चूक निदान समजून घेता येते. या भारदस्तपणापुढे वाचणारा मुकाट हात टेकतो. माझ्या मते सगळ्यांत टिकाऊ माल हाच, कारण याला चूक म्हणायची कुणाची हिंमत होत नाही.

शेवटी 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू' टाका, 'हिअरिंग' नको, आणि लगेच सेंड दाबा. वाचून पाहायचंच असेल तर दाबल्यानंतर वाचा. एरवी दहादा वाचून न दिसणारी चूक तेव्हा पहिल्याच ओळीत दिसते.